काडतुसे गेली कुठे?

२०२१ सालच्या सुरुवातीला अमेरिकेतील लहानसहान गावांतल्या शिकारसाहित्याच्या दुकानांसमोर सकाळीच रांगा लागत. दुकान उघडले की अर्ध्या-पाऊण तासात काडतुसांचे फडताळ रिकामे होई. भिंतीवर पाटी असे : 'एका गिऱ्हाइकाला एकच पेटी'. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाचे साधे सरावाचे काडतूस वर्षापूर्वी वीस सेंटच्या आसपास मिळत असे. आता त्याला साठ-सत्तर सेंट, कधी डॉलरभरही मोजावे लागत होते आणि तेवढे मोजूनही ते मिळेलच याची खात्री नव्हती.

आपल्याकडे बंदुकीचा परवाना मिळवताना माणूस मेटाकुटीला येतो. त्यामुळे ही टंचाई आपल्याला दूरची वाटते. पण ज्या देशात नागरिकांच्या हाती सुमारे ३९ कोटी बंदुका असल्याचा अंदाज २०१८ साली मांडला गेला, म्हणजे माणसांपेक्षा बंदुका अधिक, आणि जिथे दरवर्षी अब्जावधी काडतुसे तयार होतात, तिथे काडतुसांचा दुष्काळ पडावा हे कोडेच आहे. आणि हे एकदाच घडलेले नाही.

अफवांचे पीक

१४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकट राज्यातील न्यूटाउन येथील शाळेत एका माथेफिरूने वीस मुले आणि सहा मोठी माणसे मारली. साऱ्या देशाला धक्का बसला. आता बंदुकांवर कडक निर्बंध येणार अशी चर्चा सुरू झाली आणि लोक दुकानांकडे धावले. निर्बंधांचे विधेयक एप्रिल २०१३ मध्ये सिनेटमध्ये अडले, कायदा झालाच नाही. पण काडतुसे मात्र गायब झाली. विशेषतः .२२ बोअरचे छोटे काडतूस, ज्यावर अमेरिकेतील शेतकऱ्याचा मुलगा वडिलांकडून नेम धरायला शिकतो, ते पुढे दोन-तीन वर्षे धड मिळत नव्हते.

टंचाई आली की अफवा येतातच. सरकारच सगळी काडतुसे विकत घेऊन बाजार कोरडा करत आहे, अशी वदंता त्या काळी घरोघर पोचली. अंतर्गत सुरक्षा खाते दीड अब्जाहून अधिक काडतुसे खरेदी करणार, असा आकडाही सांगितला जाई. अमेरिकी संसदेच्या हिशेब तपासणी कार्यालयाने २०१४ साली या खात्याची खरेदी तपासली, तेव्हा चित्र उलटेच निघाले. त्याआधीच्या पाच वर्षांत या खात्याची खरेदी वर्षाला सरासरी १० कोटी ९० लाख काडतुसांची होती आणि २०१३ या आर्थिक वर्षात ती ८ कोटी ४० लाखांवर उतरली होती. गवगवा झालेला मोठा आकडा हा अनेक वर्षांच्या करारांची कमाल मर्यादा होता, प्रत्यक्ष खरेदी नव्हे.

दुसरी आवई शिशाची. मिसूरी राज्यातील हर्क्युलेनियम येथील खनिजापासून शिसे गाळणारी देशातील शेवटची मोठी भट्टी डिसेंबर २०१३ मध्ये बंद पडली. झाले! आता गोळ्यांना शिसेच उरणार नाही, असे बोलले जाऊ लागले. वास्तविक अमेरिकेतील बहुतेक शिसे जुन्या बॅटऱ्या वितळवून मिळते आणि गोळ्यांचे कारखानेही प्रामुख्याने तेच वापरतात. शिवाय टंचाई ही भट्टी बंद पडण्याच्या वर्षभर आधीच सुरू झालेली होती.

प्रत्येकी दोनच पेट्या

मग खरे कारण कोणते? ते २०२० साली लख्ख दिसले. मार्चमध्ये कोरोनाची साथ, मे महिन्यात मिनियापोलिसमधील जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर उसळलेला क्षोभ आणि दंगली, नोव्हेंबरमध्ये अध्यक्षपदाची निवडणूक. एकामागून एक भीतीच्या लाटा. बंदूक घेणाऱ्याची पूर्वचौकशी करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेकडे २०१९ मध्ये सुमारे २ कोटी ८४ लाख चौकशा झाल्या होत्या. २०२० मध्ये त्या ३ कोटी ९७ लाखांवर गेल्या. प्रत्येक चौकशी म्हणजे एक विक्री नव्हे, पण कल कळायला हे आकडे पुरेसे आहेत. नॅशनल शूटिंग स्पोर्ट्स फाउंडेशन या शस्त्रव्यवसायाच्या संघटनेच्या अंदाजानुसार त्या वर्षी सुमारे ८४ लाख लोकांनी आयुष्यात पहिल्यांदाच बंदूक विकत घेतली.

आता साधा हिशेब करावा. या ८४ लाखांपैकी प्रत्येकाने पन्नास काडतुसांच्या दोनच पेट्या घेतल्या, तरी ८४ कोटी काडतुसे लागतात. दोन पेट्या म्हणजे साठेबाजी नव्हे. सरावाची एक दुपार आणि घरात ठेवायला थोडी शिल्लक, एवढेच. त्यात जुने बंदूकधारी भर घालतात. एरवी महिन्याला एक पेटी घेणारा माणूस फडताळ रिकामे पाहून पुढच्या खेपेला मिळेल तेवढे उचलतो. त्याने उचलले म्हणून शेजारी उचलतो. आपल्याकडे नोव्हेंबर २०१६ मध्ये मीठ संपल्याची अफवा उठली तेव्हा दिल्ली आणि उत्तर प्रदेशात लोकांनी किलोला दोनशे रुपयांच्या वर मोजले होते. देशात मिठाचा तुटवडा मुळीच नव्हता. तुटवडा नसताना रांग लागली आणि रांगेमुळे तुटवडा झाला!

त्यातच विक्रीची ठिकाणेही घटली होती. टेक्सासमधील एल पासो येथे आपल्याच दुकानात झालेल्या हत्याकांडानंतर वॉलमार्टने सप्टेंबर २०१९ मध्ये पिस्तुलाची आणि काही रायफलींची काडतुसे विकणे थांबवण्याचे जाहीर केले. ते गिऱ्हाईक उरलेल्या दुकानांकडे वळले.

कारखाना का वाढवत नाहीत?

एवढी मागणी असेल तर उत्पादन का वाढवत नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर काडतुसाच्या पोटात आहे. काडतुसाचे भाग चार : पितळी पुंगळी, बंदुकीची दारू, शिशाची गोळी आणि पुंगळीच्या बुडाशी बसवलेली ठिणगी पाडणारी इवलीशी टोपी, जिला प्राइमर म्हणतात. या चारांपैकी एक जरी कमी पडला, तरी उरलेले तिन्ही निरुपयोगी. प्राइमरमध्ये लेड स्टिफनेट नावाचे अतिस्फोटक रसायन असते. ते जरा घासले तरी भडकते. म्हणून ते ओले ठेवून, थोडे थोडे करून, कसलेल्या कामगारांकडून भरून घ्यावे लागते. अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर प्राइमर बनवणाऱ्या कंपन्या चारच : सीसीआय, फेडरल, रेमिंग्टन आणि विंचेस्टर. असा विभाग नव्याने उभारायचा तर परवाने, सुरक्षित इमारती, खास यंत्रे आणि माणसांचे शिक्षण यांत वर्षे जातात. टंचाईत या कंपन्यांनी आपले प्राइमर आधी आपल्याच काडतुसांना वापरले. त्यामुळे जुन्या पुंगळ्या घरी पुन्हा भरणाऱ्यांचीही पंचाईत झाली. हजार प्राइमरना पूर्वी सुमारे तीस डॉलर पडत, ते शंभराच्या वर गेले.

दुसरे कारण व्यापारी आहे. भीतीने आलेले गिऱ्हाईक भीती सरली की नाहीसे होते. याचा चटका १८१६ साली स्थापन झालेल्या रेमिंग्टनने सोसला. २०१६ च्या निवडणुकीनंतर निर्बंधांची धास्ती ओसरली आणि देशभरातील विक्री घसरली. आधीच कर्जाखाली दबलेल्या कंपनीने २०१८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. सावरता न आल्याने जुलै २०२० मध्ये पुन्हा दिवाळे निघाले आणि तेही बाजारात काडतुसांसाठी झुंबड उडालेली असताना! अर्कान्सासमधील लोनोक येथील तिचा काडतुसांचा कारखाना व्हिस्टा आउटडोअर या कंपनीने ८ कोटी १४ लाख डॉलरना घेतला. फेडरल आणि सीसीआय आधीच व्हिस्टाकडे होत्या. म्हणजे प्राइमर बनवणाऱ्या चारपैकी तीन नावे एका मालकाखाली आली. शेजाऱ्याची अशी गत पाहिल्यावर दोन वर्षांच्या मागणीसाठी वीस वर्षे चालणारा कारखाना कोण बांधणार? त्यापेक्षा आहे तोच कारखाना तीन पाळ्यांत चालवणे शहाणपणाचे ठरते. भाव मग आपोआप चढतात.

दारू तोफांकडे गेली

२०२१ नंतर मात्र टंचाईचा पोत बदलला. रशियातील विरोधी नेते नवाल्नी यांच्यावरील विषप्रयोगावरून अमेरिकेने सप्टेंबर २०२१ पासून रशियन काडतुसांच्या आयातीला नवे परवाने देणे थांबवले. तुला आणि बार्नौल येथील पोलादी पुंगळीची काडतुसे ही बाजारातली सर्वांत स्वस्त. कमी उत्पन्नाच्या नेमबाजाचा तो आधार हळूहळू तुटला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले. काडतुसातील दारू असो वा तोफेतील, दोन्हींचा पाया नायट्रोसेल्युलोज हाच. ते बनते कापसापासून, सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड लवेपासून. या लवेसाठी युरोपातील कारखाने फार मोठ्या प्रमाणावर चीनवर अवलंबून होते. पिस्तुलाच्या काडतुसात दारू असते एक तृतीयांश ग्रॅमच्या आसपास. १५५ मिलिमीटरच्या तोफेतून लांब पल्ल्याचा एक गोळा डागायला दहा किलोच्या आसपास लागते. म्हणजे एका गोळ्याची दारू वजनाने तीस हजार काडतुसांइतकी झाली. दोन्हींची जात वेगळी असली, तरी कच्चा माल एकच. दारूच्या जागतिक टंचाईचे कारण देऊन व्हिस्टाने १ जानेवारी २०२४ पासून भाव वाढवले. पुढे चीनने शिशाला कठीणपणा देणाऱ्या अँटिमनीच्या निर्यातीवर सप्टेंबर २०२४ पासून नियंत्रण आणले आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेसाठी ती बंदच केली. पुढे २०२५ अखेर ही बंदी काही काळापुरती स्थगित झाली, तरी चीनच्या हातात काय आहे हे सर्वांना कळून चुकले होते.

भीतीची टंचाई आणि मालाची टंचाई यांतला फरक इथे ध्यानात येतो. पहिली धीर धरला तर ओसरते. २०२३ पर्यंत नऊ मिलिमीटरचे भाव बरेच उतरले ते त्यामुळेच. दुसरी मात्र धीराने जात नाही. म्हणूनच भाव पूर्वीच्या पायरीवर परतले नाहीत.

झळ कोणाला?

आपल्याकडचे नेमबाजही या बाजारापासून अगदी अलिप्त नाहीत. खडकीच्या कारखान्यात बारा बोअरची काडतुसे बनतात, पण .२२ च्या स्पर्धेसाठी लागणारी अचूक काडतुसे मुख्यतः जर्मनी आणि इंग्लंडमधून येतात. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले, ते अशाच .२२ रायफलीवर. स्पर्धेतल्या प्रत्येक गोळीमागे सरावाच्या हजारो गोळ्या असतात. त्यांची किंमत वाढली की ज्याची ऐपत कमी त्याचा सराव आधी घटतो.

अमेरिकेत याची दुसरी बाजू अधिक काळजीची होती. ज्या ८४ लाख लोकांनी पहिल्यांदाच बंदूक घरी आणली, त्यांतल्या अनेकांना ती चालवून पाहायला काडतुसे मिळाली नाहीत. ज्यांनी आधी साठा केला, त्यांच्या तळघरांत पेट्या पडून राहिल्या. ज्यांना शिकायचे होते, ते रिकाम्या फडताळापुढे उभे राहिले. बंदूक घरात, ती हाताळायचा सराव मात्र नाही. ज्या भीतीने ती विकत घेतली, तिच्यापेक्षा हा धोका घरातल्या मुलाबाळांच्या कितीतरी जवळचा होता.