डेलियाचं बी

डेलिया लावायचा तो कंदानंच, असं आपल्या बेळगावात बहुतेकांना वाटतं. नर्सरीत कंद नाहीतर छाट लावून केलेलं रोप मिळतं, शेजारी फुलाचा फोटो असतो, आणि थंडीत फोटोतलं फूल दारात उमलतं. सोय आहे, नाही कोण म्हणतो? पण बियांची एक पुडी आणली तर तेवढ्याच पैशांत वाफा भरतो. शिवाय काय फुलणार हे पेरणाऱ्यालाही ठाऊक नसतं, ही गंमत वेगळीच.

गणपती गेले, पावसाचा जोर ओसरला, की पेरायला घ्यावं. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य हा आपल्या हवेला चांगला काळ. बी काळपट, चपटं, जिऱ्याहून मोठं असतं. तांबडी माती, चाळलेलं जुनं शेणखत आणि वाळू सारख्या वाट्यानं घ्यावी. नुसत्या तांबड्या मातीवर पाणी पडलं की पापुद्रा धरतो आणि कोंब खालीच अडकतो. बी पाव इंच मातीखाली जाईल इतकंच झाकावं. पाच ते दहा दिवसांत उगवतं.

खरा धोका पुढच्या पंधरवड्यात. प्रेमापोटी सकाळ-संध्याकाळ झारी धरणारे लोक रोपं मारतात. ओल जास्त झाली की बुरशी धरते, देठ मातीलगत सडतो आणि काल उभं असलेलं रोप आज आडवं पडलेलं दिसतं. शेतकरी याला रोपं कोलमडणं म्हणतात. वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावं, तेही सकाळी. खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की रोपं उन्हाच्या जागी, दीड-दोन फुटांवर हलवावीत. चार जोड्या झाल्या की शेंडा खुडावा. इथं पुष्कळांचा हात थांबतो, पण खुडल्याशिवाय फांद्या फुटत नाहीत. उंच जातींना काठी लावतानाच रोवावी. नंतर रोवली तर कंदाला भोसकते.

आमच्या गल्लीत एक आजी आहेत. त्यांच्या अंगणात गडद मरून रंगाचा, ताटलीएवढा डेलिया कैक वर्षं होता, यजमानांच्या हातचा. एका पावसाळ्यात जमिनीत राहिलेले कंद कुजले. आदल्या वर्षीचं त्याच झाडाचं बी कागदाच्या पुडीत होतं, ते घेऊन त्या आमच्याकडे आल्या. "सर, ह्याला तेच फूल येतंय न्हवं?"

हो म्हणणं सोपं होतं. पण मी सांगितलं की तेच येणार नाही. माणसात गुणसूत्रांचे दोन संच असतात. बागेतल्या डेलियात आठ. एकूण चौसष्ट गुणसूत्रं. त्यात मधमाशी कुठल्या बागेतला पराग आणून टाकते ते तिलाच माहीत. पत्ते असे पिसल्यावर तोच डाव पुन्हा पडत नाही. तेच झाड हवं तर त्याचाच कंद हवा, नाहीतर त्याचीच फांदी. बी म्हणजे लेकरू, कंद म्हणजे ते झाड स्वतःच.

तरी पेरा म्हटलं. एकोणीस रोपं लागली. जानेवारीत शेंदरी, पिवळी, फिकट जांभळी फुलं आली, बहुतेक एकेरी पाकळ्यांची. मरून एकच, तेही एकेरी आणि मधे पिवळा डोळा. आजींनी सगळा वाफा फिरून पाहिला आणि म्हणाल्या, "हे ते न्हवं की." नव्हतंच. दोन दिवसांनी पाहतो तर त्या मरून रोपाला त्यांनी आपल्या हातानं काठी बांधली होती.

मी काही वनस्पतिशास्त्राचा माणूस नव्हे, इतिहास शिकवतो, म्हणून एवढं सांगतो. हे झाड मूळचं मेक्सिकोकडचं. 1789 मध्ये तिथून बी माद्रिदच्या शाही उद्यानात गेलं, आणि 1791 मध्ये काव्हानियेस या स्पॅनिश अभ्यासकानं आन्द्रेस दाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव त्याला दिलं. दाल बिचारा दोन वर्षांपूर्वीच वारला होता. रशियन लोक मात्र याला अजून दुसऱ्याच एका शास्त्रज्ञाच्या नावानं, गिऑर्गिन म्हणून ओळखतात. 1963 पासून हे मेक्सिकोचं राष्ट्रीय फूल आहे. आज दिसणाऱ्या हजारो जातींतली जवळजवळ प्रत्येक जात कधीतरी कुणाच्या तरी वाफ्यात उगवलेलं एकच रोप होती.

म्हणून आवडलेल्या रोपाला फुलं असतानाच चिठ्ठी बांधावी, पेन्सिलनं लिहिलेली. शाई पाण्यानं जाते. बियांपासून आलेलं रोपही पहिल्याच हंगामात कंद धरतं. पानं पिवळी पडली की खोड चार बोटं ठेवून कापावं आणि अलगद खणावं. कंद तोडताना खोडाकडचा डोळ्याचा भाग प्रत्येकाला लागून यायला हवा, नुसता गड्डा कितीही जाडजूड असला तरी फुटत नाही. सावलीत सुकवून कोरड्या वाळूत, हवेशीर जागी ठेवावेत. आणि हे सगळं वळवाच्या आधी उरकावं, कारण आपल्याकडच्या जून-जुलैच्या पावसात जमिनीतला कंद क्वचितच वाचतो.