सोमवारच्या पाळीतले पाचारण

भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या शहरात, जिथे आठवडा दिवसपाळी आणि रातपाळीत सरतो, तिथे देवाचा हेतू रविवारच्या उपासनेपुरताच असतो की सोमवारच्या कामालाही लागू पडतो, हा ख्रिस्ती कुटुंबांपुढचा प्रश्न आम्ही या अंकाचा विषय म्हणून निवडला आहे. ‘पाचारण’, म्हणजे देवाने माणसाला जीवनकार्यासाठी बोलावणे, ही संज्ञा पाळकांपुरती राखून ठेवण्याची सवय मंडळीत रुजली असली, तरी ती चुकीची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रेषित पौलही करिंथ येथे तंबू तयार करण्याचा धंदा करीतच सुवार्ता सांगत होता.

महाराष्ट्रात या विचाराला पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूर्त रूप दिले. १८९६-९७ च्या दुष्काळातून वाचवलेल्या मुली व विधवा तिथे विणकाम आणि छपाई शिकल्या, आणि रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून मराठीत आणलेल्या बायबलचे खिळे त्यांच्यातल्याच स्त्रियांनी जुळवले.

तुटलेला ताण्याचा धागा नीट गाठ देऊन जोडणे, कापडाच्या मापात खोट न करणे, शेजारच्या मागावरील सोबत्याची विचारपूस करणे, अशा कृतींत हा अंक देवाचा हेतू शोधतो; मात्र अपुरी मजुरी ही ईश्वरेच्छा मानून मुकाट्याने सोसावी, असा अर्थ त्यातून कोणी काढू नये. वाचकांनी आपल्या कामातील अनुभव आणि मतभेदही अवश्य लिहून कळवावेत.