नारळाआधी कागद

आपल्याकडे कुठलंही नवं काम नारळ फोडून सुरू होतं, याला माझी हरकत नाही. खोबरं मलाही आवडतं. हरकत आहे ती नुसत्या नारळावर काम सुरू करण्याला!

आमच्या बँकेचंच घ्या. पिठाच्या गिरणीसाठी कर्ज मागायला एखादा गृहस्थ येतो. गिरणी कशाला, कितीची, पैसे कधी फेडणार, जामीन कोण? इथे सही करा, तिथे करा. बिचाऱ्याचं गिरणीआधीच पीठ होतं! पण हेच प्रश्न आम्ही स्वतःला विचारत नाही. शाखेत टोकनचं यंत्र बसवायचं ठरलं, तेव्हा 'ठरलं' एवढंच ठरलं होतं. किती खर्चात, कधीपर्यंत, बघणार कोण, कुठेच लिहिलं नव्हतं. यंत्राआधी सोफा आला, सोफ्यामागून कुंड्या, कुंड्यांमागून माशांची काचपेटी. तोवर पैसे संपले. आता मासे आरामात पोहतात आणि पेन्शनवाले आजोबा त्यांच्याकडे बघत रांगेत ताटकळतात. जबाबदार कोण विचारलं, तर साहेब म्हणतात, "मी फक्त नारळ फोडला."

व्यवस्थापनवाले जिला प्रकल्पाची सनद म्हणतात, ती काही पोथी नव्हे. दोन पानं पुरतात. काम कशासाठी, त्यात काय येतं आणि मुख्य म्हणजे काय येत नाही, अंदाजे खर्च, मुदत, काम सांभाळणाऱ्याचं नाव आणि त्याला अधिकार देणाऱ्या वरिष्ठाची सही. बस्स!

अर्थात सनद लिहून कपाटात ठेवली की झालं, असंही नाही. ३१ डिसेंबर १६०० रोजी एलिझाबेथ राणीनं ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. काम व्यापाराचं, मुदत १५ वर्षं. १७६५ साली हीच कंपनी बंगालची दिवाणी मिळवून सारा वसूल करू लागली! मिरी घ्यायला आलेला पाहुणा दुकानासकट बाजारपेठ घेऊन बसला. कामाची हद्द सुटली की काय होतं, याचं याहून महागडं उदाहरण मला ठाऊक नाही.

"कागदानं का कामं होतात?" असं कुणी विचारील. नाही होत. पण कागद असला की माझ्यासारख्या कारकुनालाही म्हणता येतं, "साहेब, मासे यात बसत नाहीत." एरवी तेवढी छाती कुणाची?

तेव्हा नारळ जरूर फोडा. आधी सही तेवढी करा. शाई वाळेपर्यंत खोबरं काही खवट होत नाही.