नवरा कोणत्या व्हिसावर आहे?

मुलगा अमेरिकेत आहे एवढे कळले, की मुलीकडच्यांचे निम्मे प्रश्न तिथेच संपतात. पगार विचारतात, घर विचारतात. तो कोणत्या व्हिसावर राहतो, हे मात्र कुणी विचारत नाही. आमच्याकडे कागद घेऊन येणाऱ्या पालकांना आम्ही पहिला प्रश्न हाच करतो. कारण बायकोचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसावरून ठरतो.

नवरा एच-१बी वर असेल तर पत्नीला एच-४ मिळतो. त्यावर तिला शिकता येते, नोकरी करता येत नाही. २०१५ पासून थोडी वाट मोकळी झाली. ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला नवऱ्याचा आय-१४० अर्ज मंजूर असेल, तर ती कामाचा परवाना मागू शकते. कंपनीने बदलीवर पाठविलेल्या, म्हणजे एल-१ धारकाच्या पत्नीला मात्र नोव्हेंबर २०२१ पासून वेगळ्या परवान्याशिवाय काम करता येते. नवरा विद्यार्थी असेल तर एफ-२. त्यावर ना नोकरी, ना पूर्णवेळ पदवी. पोटाला चिमटा काढून इंजिनिअर केलेली मुलगी परक्या मुलखात घरी बसते, तेव्हा लोक नशिबाला बोल लावतात. नशीब कसले? हा कायदा आहे आणि तो लग्नाआधी वाचता येतो!

शिवाय एच-४ नवऱ्याच्या दर्जावरच टिकतो. घटस्फोट झाला की तिचा तिथे राहण्याचा आधार गेला. हे हत्यार कुणाच्या हाती राहते, ते सांगायला नको.

नवरा अमेरिकन नागरिक असेल तर पत्नीला वार्षिक कोट्याची अडचण नाही. ग्रीन कार्डधारकाच्या पत्नीला कोट्याची रांग आहे. लग्नाला दोन वर्षे होण्याआधी मिळालेले कार्ड दोन वर्षांच्या अटीचे असते. अट काढण्याचा अर्ज दोघांनी मिळून करायचा. पण छळ झाला असल्यास ती एकटीही करू शकते. ही गोष्ट मुलीला आधीच सांगून ठेवावी.

'आधी टुरिस्ट व्हिसावर जा, मग तिकडे बघू' म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. खोटे सांगून व्हिसा घेतल्याचे ठरले, तर ते दार कायमचे बंद होऊ शकते.

लग्नाचा अल्बम आहे म्हणून नोंदणी टाळू नका, दाखला लागतोच. आणि साखरपुड्याची तारीख धरण्यापूर्वी मुलाच्या व्हिसामंजुरीच्या कागदाची, आय-७९७ ची, प्रत मागून घ्या.