काचपट्टीवरच्या करंज्या

दिवाळी तोंडावर आली की आमच्या प्रयोगशाळेतली गर्दी ओसरते. घराची आवराआवर आणि फराळ यांतून रक्त तपासून घ्यायला सवड कोणाला? त्यामुळे परवा एक बाई मुलीला घेऊन आल्या तेव्हा मी चष्मा पुसत निवांत बसलो होतो.

"डॉक्टर, तुळशीचं लग्न झालं की हिचं लग्न. पण हिमोग्लोबिन काही चढत नाही. दोन वर्षं लोहाच्या गोळ्या चालू आहेत. खजूर झाला, बीट झालं, लोखंडी कढईतल्या भाज्या झाल्या!"

"मला काही होत नाही हो काका," मुलगी हसून म्हणाली. "रोज तीन जिने चढते, दम लागत नाही."

बाईंनी पिशवीतून जुना कागद काढला. 'लोहाची कमतरता असावी' असा शेरा होता. खाली सही माझीच.

रक्त घेतले. काचेच्या पट्टीवर थेंब ठेवून दुसऱ्या पट्टीच्या कडेने तो पातळ पसरला, वाळवला आणि लीशमनच्या रंगात बुडवला. हा रंग १९०१ सालचा. आमची मदार अजून त्याच्यावर आहे. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

निरोगी तांबडी पेशी दिसते बालुशाहीसारखी: गोल, आणि मधे दाबल्यामुळे तिथे फिकट. तिची रुंदी सात-आठ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सात-आठ पट. तिच्याशेजारी मापाला लिंफोसाइट नावाची लहानशी पांढरी पेशी असतेच. तिच्या केंद्रकाएवढी तांबडी पेशी भरली की ठीक. या मुलीच्या पेशी त्याहून बऱ्याच लहान होत्या. काही तर नेमबाजीच्या चकतीसारख्या: कडेला रंग, मग फिकट कडे, आणि मधोमध पुन्हा ठिपका.

लोह कमी पडले तरी पेशी लहान आणि फिकट होतात. फसगत होते ती इथेच. मग ओळखायचे कसे? करंज्यांचेच बघा. सारण कमी असले तर करंज्या थोड्या होतात, आणि त्यांतही एक लहान, एक मोठी, एखादी लांबट. लोहाच्या कमतरतेत काचपट्टीवर तसेच दिसते. पेन्सिलीसारख्या लांबोड्या पेशीही आढळतात. पण करंज्या पुष्कळ आणि एकजात लहान असतील, तर दोष सारणाचा नव्हे, साच्याचा.

मी आकडे पाहिले. हिमोग्लोबिन १०.८, पेशीचे सरासरी आकारमान ६२; ते ८० च्या वर हवे. आणि तांबड्या पेशी? ५६ लाख! बायकांत साधारणपणे ४८ लाखांपर्यंत असतात. पंडुरोगी म्हणवणाऱ्या मुलीच्या रक्तात पेशी नेहमीपेक्षा जास्त. जुना कागद पुन्हा उघडला. त्यावरही ५५ लाख होते. आकडा तेव्हाही माझ्यासमोर होता. मी लहान पेशी पाहिल्या आणि हात सवयीने 'लोह' लिहून मोकळा झाला.

काचपट्टी संशय घेते, निवाडा देत नाही. चकतीसारख्या पेशी यकृताच्या आजारातही दिसतात. म्हणून फेरिटिन पाहिले. लोहाचा साठा भरपूर. हिमोग्लोबिन ए-टू ३.५ टक्क्यांच्या आत हवे, ते निघाले ५.४. मुलीला थॅलसेमिया मायनर होता. हा आजार नव्हे. आईकडून किंवा वडिलांकडून आलेला जन्माचा वारसा. गोळ्यांची तिला गरजच नव्हती.

बाईंचा चेहरा उतरला. "डॉक्टर, हे मुलाकडच्यांना कळायला नको. जमलेलं लग्न..."

"बाई, हे लग्न मोडण्याचं कारण नाही. पण मुलाचं रक्त पाहायलाच हवं."

कारण असे की, दोघेही असेच वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांतल्या एका मापाने मूल थॅलसेमिया मेजरचे होऊ शकते. डॉ. कूली यांनी १९२५ साली अमेरिकेत ज्याचे वर्णन केले तो हा आजार. अशा मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. सिंधी, लोहाणा अशा काही समाजांत वाहक अधिक आढळतात, पण मराठी घरे यातून सुटलेली नाहीत. दोघे वाहक निघाले तरी वाट बंद होत नाही. गर्भाची तपासणी तिसऱ्या महिन्याच्या सुमारास करता येते. फक्त आधी माहीत हवे.

मी कोणालाच कळवणार नव्हतो. तो अधिकार मुलीचा. तिने आईकडे पाहिले, फोन उचलला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. पाच मिनिटांनी आत आली.

"काका, तो उद्या सकाळी येतोय. उपाशीपोटी यायचं का, विचारतोय."

"फराळ करून ये म्हणावं," मी म्हणालो.

त्याच्या काचपट्टीवर साऱ्या बालुशाह्याच निघाल्या. ए-टूचा आकडाही नेमका. बाईंनी पेढे आणले. मी एक घेतला, पण माझ्या जुन्या सहीची आठवण काही गोड झाली नाही. आता शेऱ्यात 'लोह' लिहिण्यापूर्वी माझे बोट आधी तांबड्या पेशींच्या आकड्यावर जाते.

तुमच्या घरी यंदा लग्न ठरले असेल, तर पत्रिका जरूर जुळवा. त्याच पाकिटात रक्ताचे दोन कागदही असू द्या.