दुर्बिणीची थंडी आणि तिचा खर्च

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं रात्रीच्या पानावर एक वाद निघाला. नातू यंदा बारावीस आहे. खगोलशास्त्राकडे जावें असा त्याचा मनोदय. त्यानें जेम्स वेब दुर्बिणीनें टिपलेलें एक चित्र सर्वांस दाखविलें व सांगितलें कीं, ही दुर्बीण शून्याखालीं सव्वादोनशें अंशांहूनहि थंड ठेवावी लागते. आमचे थोरले बंधू आप्पा यांचा जन्म हिशेब तपासण्यांत गेला. ते म्हणाले, "अंतराळ मुळांत थंडगार! तेथें थंडी मिळविण्यास दहा अब्ज डॉलर? हा तर गंगेच्या कांठीं विहीर खणण्याचा प्रकार झाला." सूनबाईंनीं माझ्याकडे पाहिलें. "मामंजी, खरेंच तसें आहे का?" त्या वेळीं मजजवळ उत्तर नव्हतें. चार दिवस वाचून जें समजलें, तें वाचकांपुढें ठेवतों.

प्रत्येक उष्ण वस्तूंतून डोळ्यांस न दिसणारे किरण निघत असतात. वर्णपटांत तांबड्याच्या खालचे, म्हणून अवरक्त. सन १८०० मध्यें विल्यम हर्शेल यानें वर्णपटाच्या तांबड्या टोकाबाहेर उष्णतामापक ठेवला, तों पारा तेथेंहि चढला. अतिदूरच्या दीर्घिकांचा प्रकाश विश्वाच्या प्रसरणानें ताणला जाऊन याच रूपानें आपल्यापाशीं पोंचतो. (दीर्घिका म्हणजे मूळ संस्कृतांत लांबट तळें. हा शब्द योजणाऱ्याच्या रसिकतेचें मला नेहमीं कौतुक वाटतें.) परंतु दुर्बीणच उष्ण असली, तर तिच्या आरशांतून व यंत्रांतून निघणारे तेच किरण त्या क्षीण प्रकाशास बुडवून टाकतात. कंदील घेऊन काजवे शोधावयास निघालेल्या माणसासारखें तें होतें. मात्र येथें शोधणाराच कंदील!

आतां आप्पांचा आक्षेप. अंतराळांत सावली थंड असते हें खरें, पण ऊन कडक असतें. आणि तापलेल्या वस्तूची उष्णता वाहून नेण्यास तेथें वारा नाहीं. पूर्वीच्या दुर्बिणी यासाठीं द्रवरूप हेलियम बरोबर नेत. उन्हाळ्यांत रांजण आटावा तसा तो आटे. १९८३ सालच्या 'आयरास'चा साठा दहा महिन्यांत संपला. २००९ मध्यें उडालेली, हर्शेलचेंच नांव लाभलेली दुर्बीण दोन हजार तीनशें लिटरांहून अधिक हेलियम घेऊन गेली, तरी २०१३ च्या एप्रिलांत तिचें निरीक्षण थांबलें.

वेबच्या कर्त्यांनीं रांजणाऐवजीं छत्री योजिली. २५ डिसेंबर २०२१ रोजीं उडालेली ही दुर्बीण पृथ्वीपासून पंधरा लक्ष किलोमीटरांवर आहे. तेथून सूर्य, पृथ्वी व चंद्र एकाच बाजूस राहतात, म्हणून एकाच आडोशानें तिघांचाहि ताप अडतो. हा आडोसा सुमारें २१ मीटर लांब व १४ मीटर रुंद. कॅप्टन नांवाच्या पदार्थाचे त्याला पांच पापुद्रे, पहिला ०.०५ मिलिमीटर जाडीचा, बाकीचे त्याच्या निम्मे. पापुद्रे एकमेकांस टेकत नाहींत. एकांतून पुढें झिरपलेली उष्णता मधल्या पोकळींतून कडेनें बाहेर निसटते. उन्हाकडील बाजू सुमारें ८५ अंशांवर तापते, तर मागील बाजू उणे २३३ च्या आसपास राहते. फक्त एका उपकरणास उणे २६६ अंश लागतात. त्यासाठीं हेलियम आहे, पण तो बंद नळ्यांतून फिरतो, आटत नाहीं. तात्पर्य, आप्पांची विहीर रद्द.

तथापि आप्पांनीं हिशेब सोडला नाहीं, आणि तेथें मीं हार पत्करली. नव्वदच्या दशकांत अब्ज डॉलरांच्या आंतच काम होईल व २००७ च्या सुमारास दुर्बीण उडेल अशी भाषा होती. खर्च इतका फुगला कीं, २०११ मध्यें अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या समितीनें योजना बंद करण्याचाच प्रस्ताव आणला. योजना तगली. मग २०१८ मध्यें ध्वनिचाचणीनंतर पडद्याच्या आच्छादनावरचे स्क्रू व वॉशर गळून पडलेले आढळले. झडपा धुण्यास भलतेंच द्रावण वापरलें गेल्याचेंहि बाहेर आलें. अशा मानवी चुकांपायीं सुमारें दीड वर्ष व साठ कोटी डॉलर गेले, असें स्वतंत्र समितीचें अनुमान. करार असा कीं, कंपनीस झालेला खर्च सरकारनें भरून द्यावा व वर मोबदला द्यावा. आप्पांनीं चष्मा कपाळावर चढविला. "म्हणजे स्क्रू त्यांचा, पैसा रयतेचा. थंडीबद्दल माझी तक्रार नाहीं रे; ती या स्क्रूबद्दल आहे!" हा भेद मला पटला, नातवासहि पटला.

त्यानें मग एक बातमी वाचून दाखविली. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रांतील संशोधकांनीं याच दुर्बिणीच्या निरीक्षणांतून एक सर्पिल दीर्घिका हुडकली. विश्व अवघें दीड अब्ज वर्षांचें असतांनाचें तिचें रूप आज दिसतें. नांव ठेविलें 'अलकनंदा'. आपल्या आकाशगंगेस मंदाकिनी म्हणतात, आणि या दोन्ही नद्यांचा संगम रुद्रप्रयागास होतो, हें आप्पांनींच सांगितलें. त्यांची बदरीयात्रा झालेली आहे. त्या केंद्राची खोडदची दुर्बीण २८ फेब्रुवारीच्या सुमारास लोकांस पाहतां येते. नातवास घेऊन जाण्याचें ठरलें. "नारायणगांवापर्यंत एस्टीचें भाडें किती पडतें?" एवढेंच आप्पांनीं विचारलें.