प्लग लावायचा कुणी?

2004 साली कॅलिफोर्नियात ‘कॅलकार्स’ गटातल्या हौशी मंडळींनी एका गॅरेजमध्ये टोयोटा प्रियसला जादा बॅटऱ्या जोडल्या आणि घरच्या साध्या प्लगवर चार्ज होणारी हायब्रिड गाडी उभी केली. पुढे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने हा खटाटोप मनावर घेतला. आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेने ठिकठिकाणच्या ताफ्यांतल्या अशा रूपांतरित गाड्यांवर नोंदयंत्रे बसवली आणि त्यांचा रोजचा प्रवास टिपला. त्यांतल्या कित्येक गाड्यांत ‘हायमोशन’ कंपनीचा 5 किलोवॅट-तासांचा लिथियम बॅटरी संच होता. तो बसायचा स्टेपनीच्या जागेत. (आपल्याकडच्या ड्रायव्हरने यावरूनच गाडी नाकारली असती!)

दावा होता गॅलनला 100 मैलांचा. ताफ्यांची सरासरी मात्र त्याच्या आसपासही फिरकली नाही. बॅटरी लहान होती हे खरेच, पण माणसांचाही हातभार मोठा होता. पेट्रोलवर गाडी चालतेच म्हटल्यावर संध्याकाळी आठवणीने प्लग कोण लावणार? शिवाय ॲक्सिलरेटर जोरात दाबला की इंजिन लगेच जागे व्हायचे. सरकारी चाचणीचे मोल मला इथेच वाटते. नाखूश करणारे आकडेही तिने जगापुढे ठेवले. कंपनीचे माहितीपत्रक ते कशाला छापेल?

पुण्यातही 2010मध्ये केपीआयटी कमिन्सने जुन्या गाड्या प्लग-इन हायब्रिड करणाऱ्या ‘रेव्होलो’ची घोषणा केली होती. तेव्हा तिचे कौतुक करणाऱ्यांत मीही होतो. ताफ्यांच्या रोजच्या नोंदी कुठे मिळतील, हे मात्र तेव्हा विचारायचे राहून गेले.